परसात जाऊन बसणारी

“...मग देवीच्या चांदव्याची नक्षी तिला का?”

भार्गवचा आवाज चढला होता. त्याचे गुरू, आप्पा रंगारी, लाकडी ठसा पुसत बसले होते. जणू विचारणारा शेजारच्या घरात होता.

भार्गवचं पित्त खवळणारच. तीन महिने हा गडी पाटावरून हलला नव्हता. साठ नक्ष्या काढून झाल्या होत्या. आणि ती त्याच्यासोबत शिकणारी सगुणा! दुकानात चार गिऱ्हाइकं जमून गलका झाला, की कुंचला ठेवून ही निघाली परसात. तिथं दगडावर बसायचं, कुणाशी बोलायचं नाही, थोड्या वेळानं परत यायचं. दिवसातून पाच वेळा. आणि देवीच्या डोक्यावर ताणायच्या त्या कापडाचं, देवळाकडून वर्षातून एकदाच येणारं काम तिच्या पदरात. हा कुठला न्याय?

“फार वेळ माणसांत बसवत नाही तिला,” आप्पा म्हणाले.

“मला बसवतं. तीन महिन्यांत मी परसात पाऊल टाकलं नाही, आप्पा.”

“नाही टाकलंस खरं...”

आप्पा उठले. त्याला परसात निळीच्या माठापाशी नेलं, हातात पांढरं कापड दिलं आणि बुडवायला सांगितलं.

भार्गवनं बाही सारून कापड तळाशी दाबून धरलं. जास्त वेळ, जास्त रंग. त्यात काय शिकायचं? हात भरून आले तेव्हा कुठे त्यानं ते बाहेर काढलं.

कापड पिवळट हिरवं, शेवाळासारखं.

आता मात्र त्याच्या अंगाचा तिळपापड झाला. आप्पांनी कापड दोरीवर टाकलं आणि खुशाल सगुणाच्या दगडावर जाऊन बसले. भार्गव उभ्या उभ्या सुनावत राहिला. माठ बिघडलेला आहे, इथं कष्टाला किंमत नाही, उठून जाणाऱ्यांची चंगळ आहे. हिरवं बोट नाचवत तो बोलत होता आणि आप्पा ऐकत होते...

मध्येच त्याचं लक्ष त्या बोटाकडे गेलं.

बोट निळं होतं.

त्यानं दोरीकडे पाहिलं. कापडही निळं झालं होतं.

“माठात तर हिरवंच होतं... वाऱ्यावर निळं झालं?” तो अडखळला. मग त्यानं कापड ओढलं आणि घाईघाईनं पुन्हा बुडवायला माठाकडे वळला.

आप्पांनी त्याचं मनगट धरलं.

“नक्षी सगुणाच काढील. तू उद्यापासून कापडं वाळत घाल... आणि घातलीस की लगेच आत पळू नकोस.”