टिमकी बेडकीचं हिरवं छप्पर

बसलात का सगळे? पाय आत घ्या. कान पुढे करा. हं, आता ऐका!

एक होती बेडकी. एवढीश्शी! चिंचोक्याएवढी. तिचं नाव टिमकी.

टिमकी कुठे राहायची? बयोमावशीच्या परसात. मोरीचं पाणी पाटातून जायचं, खळखळ खळखळ. पाटाच्या टोकाला होता एक अळू. हा मोठ्ठा! त्याच्या पानाखाली टिमकीचं घर. वर हिरवं छप्पर. खाली गार गार चिखल. मज्जाच मज्जा!

एके दिवशी काय झालं? टिमकीनं डोळे उघडले. बघते तर काय! छप्परच नाही! अळूचं पान लुळं पडलेलं. मातीला टेकलेलं. चिखल वाळून खडखडीत. आणि वर ऊन! चटचट चटचट!

"अगं आई गं! माझं छप्पर गेलं!" टिमकी ओरडली. "बेडकी वाळली, तर जगेल कशी?"

खरंच की! बेडकीला ओलं ओलं लागतं. आणि ऊन तर चढत होतं.

टिमकी अळूला म्हणाली,
"अळूदादा, अळूदादा, पान उचल!
मला पानाचं छप्पर हवं.
ऊन आलं डोक्यावर,
चल चल, लवकर कर!"

अळू म्हणाला, "कसं उचलू? मी तहानेनं अर्धा झालो. मला रोज पाणी लागतं. भरपूर लागतं. पाणी आलं, तर पान उचलीन. नाही तर नाही!"

निघाली टिमकी. टुणुक टुणुक, टुणुक टुणुक.

पाटात थोडं वर पाणी होतं. तिथेच अडलं होतं. डुबुक डुबुक करत होतं.

"पाणोबा, पाणोबा, पुढे चल!
अळूदादाला पाणी हवं.
मला पानाचं छप्पर हवं.
ऊन आलं डोक्यावर,
चल चल, लवकर कर!"

पाणी म्हणालं, "कसं चलू? वाटेत वीट बसलीय. ती मला भिंतीकडे ढकलते. वाट मिळाली, तर चालेन. नाही तर नाही!"

टुणुक टुणुक, टुणुक टुणुक. वीट काही लांब नव्हती. चांगली पाटात आडवी बसली होती, जाडजूड!

"विटाबाई, विटाबाई, बाजूला हो!
पाणोबाला वाट हवी.
अळूदादाला पाणी हवं.
मला पानाचं छप्पर हवं.
ऊन आलं डोक्यावर,
चल चल, लवकर कर!"

वीट म्हणाली, "मला ना हात, ना पाय. मावशीनं बसवलं, मी बसले. मावशीनं उचललं, तर उठेन. नाही तर नाही!"

घ्या! आता मावशीकडे.

मावशीचं स्वयंपाकघर केवढं लांब! टिमकीचे पाय केवढेसे! पण थांबतेय होय ती? टुणुक टुणुक, टुणुक टुणुक. एक पायरी. टुणुक! दुसरी पायरी. टुणुक! उंबरा. टुण्णुक!

आत मावशी होती. बोटावर फुंकर घालत होती. फू फू! फू फू!

"मावशी, मावशी, बाहेर ये!
विटाबाईला मावशी हवी.
पाणोबाला वाट हवी.
अळूदादाला पाणी हवं.
मला पानाचं छप्पर हवं.
ऊन आलं डोक्यावर,
चल चल, लवकर कर!"

"अगं माझे बाई!" मावशी म्हणाली. "थालीपीठ उलटायला गेले, आणि चर्र! तव्याचा चटका बसला. बोट नुसतं आगआग करतंय! वीट कशी उचलू? कोरफडीचा गर लावला, तर उचलीन. नाही तर नाही!"

"मग लाव ना गर!"

"लावते कसली! कोरफड रुसलीय माझ्यावर. पान तोडायला गेले, तर काटा टोचला. टुच्च!"

पुन्हा निघाली टिमकी. उंबरा. पायऱ्या. अंगण. टुणुक... टुणुक... अंग वाळत चाललं होतं. उडी बारीक झाली होती. तरी टुणुक!

भिंतीपाशी होती कोरफड. जाड जाड पानं. कडेला बारीक काटे. पानात गार गार गर. पण आज कोरफड कुठे उभी होती? डबक्यात! पाय पाण्यात, तोंड वाकडं.

"कोरफडताई, कोरफडताई, गर दे!
मावशीला गर हवा.
विटाबाईला मावशी हवी.
पाणोबाला वाट हवी.
अळूदादाला पाणी हवं.
मला पानाचं छप्पर हवं.
ऊन आलं डोक्यावर,
चल चल, लवकर कर!"

"गर देऊ? मी?" कोरफड फणकारली. "आधी माझे पाय बघ! पाण्यात कुजायला आलेत! मला हवं ऊन. मला हवी कोरडी माती. पाणी कधीतरी, घोटभर. आणि मावशीनं काय केलं? म्हणाली, बिच्चारी कोरफड, हिला कुणी पाणीच घालत नाही! असं म्हणून वीट लावली, नि अख्खा पाट माझ्यावर सोडला! हे पाणी गेलं, तर गर देईन. नाही तर नाही!"

टिमकी मटकन खाली बसली. आता पाणी कधी जाणार? वीट उठली तर. वीट कधी उठणार? मावशीनं उचलली तर. मावशी कधी उचलणार? गर मिळाला तर. आणि गर?

"पाणी गेलं तर!" कोरफड म्हणाली.

अरे देवा! परत आपलं तिथंच! गोल गोल गोल गोल! जो तो म्हणतो, आधी तू, मग मी. आता कुणाकडे जायचं? कुणीच उरलं नाही.

टिमकीला रडू आलं. डराँव! पण रडून छप्पर मिळतं का? नाही मिळत. टिमकीनं डोळे पुसले.

"बरं! कुणीच आधी करत नाही ना? मग मी करते!"

तिच्याकडे फावडं होतं का? छे! कुदळ होती का? छे! पण मागचे पाय होते ना! टिमकीनं डबक्याकडे पाठ केली. आणि लागली उकरायला. खर्र खर्र! खर्र खर्र! माती उडाली फुर्र! खर्र खर्र! खर्र खर्र!

केवढीशी बेडकी, केवढीशी चर! दोरीएवढी. पण त्या चरीत पाणी शिरलं बरं का! गुळुक. गुळुक गुळुक. गुळुक गुळुक गुळुक! डबकं निघालं उताराला! चाललं, चाललं, चाललं... गेलं!

"हुश्श!" कोरफड म्हणाली. "सुटले गं बाई! टिमके, तू एवढीशी, पण कामाची! जा, सांग मावशीला. खालचं जाड पान तिचं. आज काटा टोचणार नाही."

आता बघा हं गंमत! आता कुणी थांबत नाही!

टुणुक टुणुक टुणुक टुणुक! "मावशी, मावशी, कोरफड हसली! चल!"

मावशी आली धावत. खालचं पान कापलं. कच्च! आतून गर निघाला, पाण्यासारखा स्वच्छ. बोटाला लावला. "आहाहा! गार गार झालं!"

मग मावशीनं खाली पाहिलं. ओली माती पाहिली. टिमकीनं उकरलेली दोरीएवढी चर पाहिली. पिवळी पडलेली पानं पाहिली. आणि लांबून लुळा पडलेला अळू पाहिला. मावशीनं कपाळाला हात लावला.

"अगं बाई गं! मी काय करून बसले! जिला नको, तिला पाजलं. ज्याला हवं, त्याचं तोडलं! चुकलंच माझं!"

मावशीनं पदर खोचला.
मावशीनं वीट उचलली. धप्प!
विटेनं वाट सोडली.
वाटेनं पाणी धावलं. खळखळ खळखळ!
पाण्यानं अळू भिजला. गटगट गटगट!
अळूनं पान उचललं. थोडं... अजून थोडं... अजून थोडं...
सळ्ळकन!

छप्पर आलं! छप्पर आलं! हिरवं हिरवं छप्पर आलं!

टिमकीनं मारली उडी. टुण्णुक! थेट चिखलात! चिखल गार. सावली गार. टिमकी गारेगार! डराँव डराँव, डराँव डराँव!

तेव्हापासून मावशी काय करते? पाट अळूकडे सोडते, रोजच्या रोज. कोरफडीला पाणी घालते कधीतरी, घोटभर. दोघंही खूश.

आणि बरं का, एके दिवशी मावशी परसात आली. हातात सुरी! आज घरात अळूवड्या. बेसन भिजलं होतं, चिंच-गूळ तयार होता. मावशीनं एक पान कापलं. कच्च! दुसरं कापलं. कच्च! सुरी आली सगळ्यात मोठ्या पानापाशी. टिमकीच्या पानापाशी! टिमकीनं श्वास रोखला. आता? गेलं का छप्पर?

मावशी वाकली. पानाखाली डोकावली. दोन डोळे लुकलुकले.

"हे नाही हं कापायचं," मावशी म्हणाली. "हे आमच्या टिमकीचं. तिनंच तर सगळ्यांच्या आधी केलं!"

मावशी गेली वड्या तळायला. चुर्र चुर्र! टिमकी बसली छपराखाली. वर पानावर होता पाण्याचा एक थेंब. इकडे पळाला. तिकडे पळाला.

थेंब घरंगळला, टप!
गोष्ट झाली गप!