म्हाळसाबाईचे तीन कोस

एकदा काय झालं, एक सुईण भयंकर चिडली. म्हाळसाबाई तिचं नाव. उगाच नव्हती हो चिडली. ऐका तर.

म्हाळसाबाईला एकच लेक, पुतळा. तिचं लग्न ठरत होतं तेव्हा म्हाळसाबाईनं मध्यस्थाला एवढंच विचारलं, "गाव किती लांब?"

तो म्हणाला, "तीन कोस तर आहे! चुलीवर डाळ ठेवून निघाल, नि ती शिजायच्या आत लेकीला बघून याल."

मग लग्न झालं. मग पुतळाला दिवस गेले. पहिलं बाळंतपण माहेरी, ही आपली रीत. म्हाळसाबाई पाखरांबरोबर निरोपावर निरोप धाडायची, आणि सासरची माणसं म्हणायची, "माहेर तीन कोसांवर तर आहे. पाठवू की सावकाश."

असं करता करता नववा महिना लागला. एके दिवशी उजाडताना पुतळाची पाळलेली साळुंकी उडत आली. पाखरांना कोस नसतो, बरं का. साळुंकी म्हणाली, "आई, चल. पुतळाला कळा लागल्या. पोर आडवं आहे."

म्हाळसाबाईनं लुगड्याचा काचा मारला आणि निघाली.

तिच्या गावचा कोस कसा होता, सांगू? वेशीवर गाय हंबरली की तो आवाज जिथवर ऐकू जाई, तिथवर एक कोस. बाई होती उंच. तिच्या एका ढांगेत बरोबर दोन हात जमीन मागं पडायची. ती ढांगा मोजत चालली. चार हजार झाल्या, म्हणजे आठ हजार हात झाले, आणि गाईचा आवाज थांबला. एक कोस झाला. अजून ऊनही तापलं नव्हतं.

मग ओढा आला. ओढ्यापलीकडे दुसऱ्या राजाचं राज्य. तिथल्या शिपायानं तिच्या हातात लिंबाची हिरवीगार फांदी दिली. म्हणाला, "ही सुकेल तिथं आमचा कोस संपतो. पानं सुकली की पुढची वेस आपोआप समोर येते."

म्हाळसाबाई चालली. चार हजार ढांगा झाल्या, पानं हिरवी. आठ हजार झाल्या, पानं हिरवी. बारा हजार झाल्या, आणि पानं अजून टवटवीत! म्हणजे आमचे तीन कोस होऊन गेले, तरी यांचा एक होईना?

मग तिला तो मध्यस्थ आठवला. डाळ आठवली. मग तिला अस्सा राग आला, अस्सा राग आला, की कानशिलं तापली, हात तापले, आणि हातातली फांदी चुरचुर चुरचुर करून करपली. एक पान म्हणून हिरवं राहिलं नाही. झालं! पानं सुकली, कोस संपला. जमीन दचकून गोळा झाली आणि तिसऱ्या राज्याची वेस धाडकन समोर आली.

हसू नका. तिला मुळीच हसू येत नव्हतं.

तिसऱ्या वेशीवर तिनं विचारलं, "तुमचा कोस केवढा?"

शिपाई म्हणाला, "महाराज दमतील तेवढा."

"आणि महाराज दमतात कधी?"

शिपायानं खाली बघितलं. "थोरले महाराज पायी फिरायचे, ते दमायचे. हे नवे महाराज गादीवर आले तसे पालखीत बसलेत. अजून दमले नाहीत. आमचा पहिला कोस अजून चालूच आहे, बाई."

पुढं रस्त्याच्या कडेला माणसंच माणसं बसलेली. एक म्हातारी होती, पदरात वाळून कडक झालेले लाडू. म्हाळसाबाईनं विचारलं, "कुठं निघालात, मावशी?"

"लेकीकडं. कोसभर आहे म्हणाले. निघाले तेव्हा पेरणी चालली होती. बसल्या जागी दोन कापण्या बघितल्या. लेक दिसली नाही."

आता मात्र म्हाळसाबाईचा राग डोक्यात मावेना. तेवढ्यात महाराजांची पालखीच आली. आठ भोई, आठांचे खांदे सोलवटलेले. आत महाराज पाय पसरून बोरं खात होते.

"ठेवा खाली!" म्हाळसाबाई ओरडली. भोयांनी अशी पटकन पालखी ठेवली, की जणू त्याचीच वाट बघत होते.

"कोण गं तू?" महाराज म्हणाले.

"सुईण आहे. एकदा माझ्यासारखीनंच तुम्हाला ओढून बाहेर काढलं होतं. आता मी काढते."

तिनं मनगट धरलं आणि ओढलं बाहेर! मग चालवलं. शंभर पावलं झाली, महाराज म्हणाले, "खडे टोचतात." दोनशे झाली, महाराज म्हणाले, "पाणी." तिनं मनगट सोडलं नाही. तीनशेव्या पावलाला महाराज मट्कन धुळीत बसले आणि कळवळून म्हणाले, "दमलो गं बाई!"

मग काय! कोस संपला. रस्त्याच्या कडेला बसलेल्या सगळ्यांची गावं धावत पुढ्यात आली. म्हातारीची लेक दारातच उभी होती. आणि समोर पुतळाचं घर. आतून कण्हण्याचा आवाज.

म्हाळसाबाई उंबऱ्याशी थांबली. तिचे हात रागानं थरथरत होते. असल्या हातांनी बाळाला धरता येत नाही. तिनं घागरभर गार पाणी हातांवर ओतलं, थरथर थांबेपर्यंत ओतलं, आणि आत गेली.

"आई, इतका उशीर?" पुतळा म्हणाली.

म्हाळसाबाई तिच्याजवळ बसली. पोटावरून बोटं फिरवली, बोटाबोटानं बाळाला सरळ केलं. मग दिवेलागणीला मुलगी झाली. ट्यँहँ करून रडली. आजीनं तिला मांडीवर मोजलं. दोन विती आणि तीन बोटं.

मग ती अंगणात आली. महाराज पाय घमेल्यात बुडवून बसले होते. राग परत वर आला. ती म्हणाली, "आणखी थोडा उशीर झाला असता तर माझ्या दोघी गेल्या असत्या. पाठवा माणसं, बोलवा त्या दोन राजांना. चोवीस बोटांचा एक हात. आठ हजार हातांचा एक कोस. तिन्ही राज्यांत तोच."

महाराज हळूच म्हणाले, "पण बोटं कोणाची?"

म्हाळसाबाईनं दोन्ही पंजे त्यांच्या नाकासमोर धरले. "ही पोर ज्यांनी जिवंत बाहेर काढली ना, त्यांची."

बोलावणं गेलं, ते दोन राजेही आले, त्यांनी सगळं ऐकलं. तिन्ही राजांनी मान डोलावली. मग कोसाकोसावर दगड रोवले. दगड वाहायला त्या मध्यस्थाला लावलं, हो! माहेर ते सासर मोजलं तर निघाले अकरा कोस.

मग भोयांचे खांदे बरे झाले. पुतळा बाळाला घेऊन माहेरी आली, सव्वा महिना राहिली, डिंकाचे लाडू खाल्ले. बाळ वाढलं, सगळी सुखात राहिली.

चला, गोष्ट इथंच निजली. तुम्हीही निजा. पाय आत घ्या, पांघरूण वर ओढा आणि मिटा डोळे.