सरपंचांचा घेवडा

हौसाबाईंच्या दीड एकरात शेळ्या, कोंबड्या, भाजीपाला सगळंच होतं, आणि बांधापलीकडच्या सरपंचांचा त्या सगळ्यावरच डोळा. एके दुपारी ते चार माणसं घेऊन आले आणि कोथिंबिरीच्या जुड्या बांधणाऱ्या हौसाबाईंवर कडाडले, “तुझ्या गाभण शेळीनं सकाळी माझा अर्धा घेवडा फस्त केला. दंड म्हणून शेळी नेतो!”

हौसाबाईंनी बांधावर जाऊन त्याच घेवड्याचा पाला तोडला, हुंगला आणि शेळीपुढे धरला. “चव लागली असेल तर आत्ताही खाईल. खाल्ला, की शेळी तुमची.”

शेळीनं तोंड पुढं केलं, तसे सरपंच किंचाळले, “अगं, थांब! कालच जहाल औषध मारलंय, मरेल ती!”

हौसाबाईंनी पाला मागं घेतला. “मग सकाळी पोटभर खाऊन ही उभी कशी, सरपंच?”