दमलेल्या हातांची डोलकाठी

पूर्वी पश्चिम समुद्राकाठच्या सुवेला नगरात अरिंदम राजा राज्य करीत असे. त्या काळी बोधिसत्त्व एका खलाशी कुळात जन्मले होते. त्यांचे नाव सुतीर. नंदिल श्रेष्ठींच्या व्यापारी नौकांवर तांडेलकी, म्हणजे खलाशांचे नायकपण, करता करता त्यांचे केस पांढरे झाले होते. आता वाळूत बसले की पुन्हा उठणे जिवावर येई, आणि लोक म्हणत, तांडेल ध्यान लावून बसले आहेत.

श्रेष्ठींची नवी नौका किनाऱ्यावर जवळजवळ तयार होती. घोडे अडले होते ते डोलकाठीपाशी. धनुक सुताराने दोन तऱ्हा सुचवल्या होत्या. पहिलीत एकच उंच डोलकाठी आणि तिच्यावर अवाढव्य शीड. अशी नौका वाऱ्यावर धावे आणि बेटावरच्या बाजारात सर्वांआधी पोहोचे. मात्र वादळ आले की ते शीड उतरवायला सगळ्या खलाशांचे बळ एकाच वेळी लागे. एक हात जरी सुटला तरी नौका कलंडायची. दुसऱ्या तऱ्हेत दोन बुटक्या डोलकाठ्या आणि दोन लहान शिडे. एकेक शीड दोघे जण खाली घेऊ शकत. पण अशी नौका रखडत जाणार आणि बाजार उठत आल्यावर पोहोचणार.

श्रेष्ठींना कोणती आवडली, हे वेगळे सांगायला नको. किनाऱ्यावर एक सोट रोवून त्यावर मोठे शीड चढवले, आणि सकाळी पोटभर पेज प्यायलेल्या खलाशांनी ते हसतखेळत उतरवूनही दाखवले. श्रेष्ठी खूश झाले.

सुवेल्यात अशी रीत होती की, डोलकाठी उभी करण्याआधी तांडेलाने तिच्यावर तळवा ठेवून ‘पेलली’, म्हणजे ही खलाशांना झेपेल, असे म्हणायचे. त्या शब्दाशिवाय एकही खलाशी नौकेवर पाय ठेवत नसे. सुतीरांनी हा शब्द आजवर प्रत्येक नव्या नौकेसाठी उच्चारला होता. आज त्यांनी त्या उंच डोलकाठीवर तळवा ठेवला. लाकूड उन्हाने तापले होते.

त्यांना मागची खेप आठवली. परतताना वादळात शिडाचा दोर त्यांच्या हातून निसटला होता. शेजारी उभ्या असलेल्या भद्रकाने तो दातओठ खाऊन धरला, म्हणून सगळे घरी आले. भद्रकाच्या तळव्यांची साले निघाली होती. दोघांनीही कुणापाशी ब्र काढला नव्हता. भद्रक खलाशांमध्ये सगळ्यांत धडधाकट. त्यामुळे त्याला कोणी कधी बरे आहे का म्हणून विचारतही नसे.

“म्हणा ना, तांडेल,” श्रेष्ठी म्हणाले.

“आत्ता पेलेल, धनी,” सुतीर म्हणाले. “पण वादळ काही न्याहारी करून निघालेल्यांना गाठत नाही. ते परतीच्या वाटेवर गाठतं.”

श्रेष्ठींनी खलाशांकडे वळून विचारले, “काय रे, दमलं आहे का कोणी?”

धन्यासमोर कोण बोलणार? प्रत्येकाच्या घरी चूल होती. सगळ्यांनी नकारार्थी माना हलवल्या.

तांडेलाने दमलो म्हणणे म्हणजे आपल्या हाताने आपले सुकाणू सोडणे. सुतीरांना हे कळत होते आणि लाजही वाटत होती. पण त्या हलणाऱ्या मानांत भद्रकाचीही मान होती.

“मी दमलो आहे,” ते म्हणाले.

“मग घरी बसा. मला दुसरा तांडेल मिळेल.”

“मिळेल, धनी. तोही दमेल.”

सुतीरांनी लाकडावरून हात उचलला. शब्द काही उच्चारला नाही. मग भद्रकाने आपले तळवे पुढे केले. “मीही दमलोय. मागच्या खेपेपासून मूठ नीट मिटत नाही.” मग आणखी एक बोलला, त्याच्यामागून त्याचा भाऊ, आणि बघता बघता सगळेच.

श्रेष्ठी संतापले, पण खलाशांशिवाय नौका कसली? त्यांनी दोन बुटक्या डोलकाठ्या बसवल्या, आणि त्याच दिवशी सुतीरांची तांडेलकी काढून दुसऱ्याला दिली.

ती नौका रखडतच गेली. माल पडत्या भावाने विकला गेला. परतताना वादळाने गाठले तेव्हा दोघादोघांनी शिडे उतरवली आणि बाकीच्यांनी पाणी उपसले. नौका किनाऱ्याला लागली तेव्हा सुतीर वाळूत बसून होते. उतरणारा एकेक चेहरा ते ओळखत गेले. सगळे आले होते. मग ते तिथेच आडवे झाले आणि गाढ झोपले. भद्रकाने त्यांच्या अंगावर एक जुने शीड पांघरले.

शास्त्यांनी, म्हणजे भगवान बुद्धांनी, ही कथा सोमिल नावाच्या भिक्षूला सांगितली. तो विहारातल्या आजाऱ्यांची एकट्याने शुश्रूषा करी, आणि कोणी विचारले की, दमलो नाही, म्हणे. त्या सकाळी उभ्या उभ्या त्याचा डोळा लागला होता आणि काढा सांडला होता.

“त्या जन्मीचा धनुक सुतार म्हणजे आज आपला आसने विणणारा कुंडक,” शास्ते म्हणाले. “नंदिल श्रेष्ठी म्हणजे हे सगळे काम तुझ्यावर सोपवणारा कारभारी भिक्षू. सुतीर मीच होतो. आपल्या थकव्याविषयीही खरे बोलावे, ही सत्यपारमिता, सत्याची पूर्ण साधना, मी त्या जन्मी आचरली. आणि भद्रक तू होतास. तेव्हा तू माझ्यामागून बोललास, सोमिला. आज तू आधी बोल.”

सोमिलाने हातातल्या काढ्याच्या भांड्याकडे पाहिले.

“भगवन्, मी दमलो आहे,” तो म्हणाला.

शास्त्यांनी त्याच्या हातातले काढ्याचे भांडे घेतले आणि ते स्वतः आजाऱ्यांकडे गेले.