दोन थापा

फार फार वर्षांमागं, डोंगराच्या पायथ्याला एक गाव होतं. गावात एक काचारी राहायचा, त्याचं नाव म्हादू. काचेच्या बांगड्या घडवायच्या नि गावोगाव विकायच्या, हा त्याचा धंदा. बायको सारजा. एकुलती एक लेक गोजरा. घरात भट्टी पेटलेली, दारात रंगीत काचांचा ढीग. खाऊनपिऊन सुखी होती माणसं.

पण गावाबाहेर एक खिंड होती, आणि खिंडीत दोन चोर बसायचे. एक उंच, एक बुटका. एकदा भरदुपारी त्यांनी म्हादूची टोपली लुटली, वर पायावर असा सोटा घातला की तो जन्माचा लंगडा झाला. तेव्हापासून बांगड्या विकायला सारजा जाऊ लागली. गोजरा तेव्हा बारा वर्षांची. ती उठली आणि थेट तालमीत गेली.

"वस्ताद, मला लाठी शिकवा."

"पोरी, हात सोलून निघतील."

"निघू देत."

सहा वर्षं ती शिकली. तालमीची माती कशी, तर तेल-ताक घालून लोण्यासारखी मळलेली. त्या मातीला आधी हात लावून नमस्कार करायचा. मग वस्तादांच्या 'हं!'ची वाट बघायची. तोवर कुणी कुणावर हात टाकायचा नाही. आणि समोरच्यानं मातीवर दोन थापा मारल्या, की तो हरला. त्या क्षणी हात सोडायचा. न सोडणाऱ्याला वस्ताद तालमीबाहेर काढायचे. गोजराच्या अंगात हे सगळं असं मुरलं, की जेवताना कुणी पाटावर दोनदा थाप मारली तरी तिची मूठ आपोआप उघडायची. जत्रेत तिच्यासमोर कुणी टिकेना. बघायला दहा गावची माणसं जमायची. त्या गर्दीत चांगले असायचे, तसे वाईटही असायचे.

एके दिवशी राजवाड्यातून निरोप आला. महिन्यावर राजकन्येचं लग्न. तिला आणि तिच्या शंभर मैत्रिणींना चुडा भरायचा. बांगड्या मनास आल्या, तर म्हादूच्या घराला राजवाड्याचा काचारी म्हणून कायमचा मान. लंगडा म्हादू भट्टीपुढून उठेना. घरातली जवळजवळ सगळी काच त्यानं त्या चुड्यात घातली. दोन टोपल्या भरल्या.

सारजा म्हणाली, "तांड्याबरोबर लांबच्या वाटेनं जाऊ. आठ दिवस लागले तर लागू देत."

गोजराला ते झोंबलं. "मग सहा वर्षं मी काय केलं? खिंडीतनंच जायचं. येऊ देत समोर."

"तुझी लाठी बघून ते चोर हार घेऊन उभे राहतील, होय गं?"

"आई, तू गप चल."

सारजानं डोक्यावर चुंबळ ठेवली, त्यावर टोपली ठेवली आणि पुटपुटत निघाली. कमरेच्या ओच्यात तिनं नेहमीसारखे बांगड्यांचे तुकडे भरून घेतले होते. गोजरा हसली. "भट्टीत वितळवायचे तुकडे घेऊन राजवाड्यात निघालीस?"

"असू देत," सारजा म्हणाली.

खिंडीत ऊन रखरखत होतं. दगडाआडून दोघं चोर पुढं आले. गोजरानं टोपली खाली ठेवली, पाय रोवला, जमिनीला हात लावायला वाकली. वाकली तोच बुटक्यानं तिला लाथ घातली. कुठला नमस्कार अन् कुठलं 'हं'! ती पडली ती लोण्यासारख्या मातीत नव्हे, धोंड्यांवर. कोपर फुटलं. तरी ती उठली. लाठी फिरली, बुटका पालथा पडला, गोजराचा गुडघा त्याच्या पाठीवर आणि लाठी मानेवर.

बुटक्यानं जमिनीवर दोन थापा मारल्या.

आणि गोजराची मूठ उघडली! तिनं उघडली नाही, ती उघडली. बुटक्यानं वळून मूठभर माती तिच्या डोळ्यांत फेकली. उंचानं तिची टोपली लाथेनं दरीत उडवली. खळ्ळकन आवाज झाला, तो कितीतरी वेळ खाली खाली जात राहिला.

"पळ, गोजरे!" सारजा ओरडली. तिनं ओच्यातले तुकडे वाटेवर फेकले. चोर अनवाणी, कारण वहाणा वाजतात. त्यांचे पाय चिरले आणि ते तिथंच नाचू लागले. सारजा लेकीचा हात धरून खिंडीखालच्या धनगराच्या वाड्याकडं धावली. डोक्यावरची टोपली तसूभर हलली नाही.

दोघी घरी परत आल्या. अर्धा चुडा घेऊन लग्नघरी कोण जाणार? बापासमोर उभं राहून गोजरा एवढंच म्हणाली, "आबा, बांगड्या वाढल्या." काचाऱ्याच्या घरात बांगडी फुटली म्हणत नाहीत. म्हादू काठी टेकत उठला. शेजारपाजारची फुटकी काच मागून आणली आणि पुन्हा भट्टी पेटवली.

गोजराला मात्र एका जागी बसवेना. दारातनं परसात, परसातनं दारात. पान वाजलं की वळून बघायची. घास हातात घ्यायची नि ठेवून द्यायची. शेवटी ती तालमीत गेली.

"वस्ताद, तुम्ही मला फसवलं. पडले, उठले, चोराला दाबलाही; पण त्यानं दोन थापा मारल्या नि माझी मूठ उघडली."

वस्तादांचा चेहरा लाल झाला, मग हळूहळू उतरला. ते म्हणाले, "पडून उठलीस ते कुणाच्या जोरावर? तेवढं मी शिकवलं. पण इथं कुणाचा हात मोडू नये म्हणून थापा ठेवल्या, पोरी. चोरानं त्या जत्रेत बघितल्या. खिंडीत त्याला त्या उपयोगी पडतील, हे माझ्या ध्यानात आलं नाही. आपण दोघंही चुकलो. तू एक कर, तुझ्या आईला बोलाव."

सारजा आली, पदर खोचूनच.

"बाई, तुम्ही एवढी वर्षं त्या वाटेनं जाता. लुटल्या कशा गेला नाहीत?"

"मला लढता येत नाही ना, म्हणून," सारजा म्हणाली. "धनगराच्या शेळ्या बिचकून वर चढत नसल्या तर मी पण चढत नाही. टिटवी ओरडली तर थांबते. धनगराला लांबूनच हाक मारते. आणि वेळ आलीच, तर ओचा मोकळा करून पळते. जिंकायचं कुणाला आहे? मला घरी जाऊन भाकऱ्या थापायच्या असतात!"

दुसऱ्या दिवसापासून गोजराची तालीम डोंगराच्या उतरणीवर भरली. पायाखाली धोंडे, डोक्यावर पाण्याची घागर. 'हं' कुणी म्हणायचं नाही. वस्ताद कुठूनही पोरं सोडायचे, सारजा मधेच खडे मारायची. दोन थापा ऐकल्या की मूठ उघडायची नाही, एक फटका मारून पाय उचलायचा. चुकली की सारजाचा खडा. गोजरा रडली, चिडली, आईशी दोन दिवस बोलली नाही. पण उतरणीवर रोज आली.

चुडा पुरा झाला तेव्हा लग्नाला चार दिवस उरले होते. लांबच्या वाटेला आठ लागतात. म्हणजे पुन्हा खिंडच. म्हादू काठी टेकत वेशीपर्यंत आला. "नाही पोचलीस तरी चालेल, गोजरे. परत ये."

खिंडीच्या तोंडाशी गोजरा थांबली. शेळ्या खालीच घोटाळत होत्या. ती कान देऊन उभी राहिली. दगडाआड करकर वाजलं. काचेनं पाय चिरले होते ना, म्हणून चोरांनी आता वहाणा घातल्या होत्या!

"ओ नाना! कुत्री सोडा!" तिनं धनगराला हाक मारली.

डाव फसला म्हणून बुटका उडी मारून पुढं आला. गोजरा वाकली नाही, की थांबली नाही. डोक्यावर टोपली तशीच ठेवून तिनं एक फटका त्याच्या नडगीवर घातला. तो कोलमडला आणि त्यानं जमिनीवर दोन थापा मारल्या. मान वर करून बघतो, तर गोजरा आणि सारजा वीस पावलं पुढं गेलेल्या. तो थापा मारत राहिला, ऐकायला तिथं कोणी नव्हतं. मग धनगराची कुत्री आली आणि दगडाआडून पळणाऱ्या उंचालाही त्यांनी अडवलं. मागोमाग धनगर आले आणि त्यांनी दोघांनाही दोरीनं बांधलं.

राजवाड्यात राणीनं टोपल्या उघडल्या. एकही बांगडी वाढली नव्हती. राजकन्येच्या हातात चुडा भरला तो गोजरानंच. म्हादूच्या घराला राजवाड्याचा मान मिळाला, त्याला न्यायला-आणायला बैलगाडी आली आणि खिंडीत राजाची चौकी बसली. वस्तादांनी तालमीच्या अर्ध्या मातीत धोंडे टाकले. उरलेल्या अर्ध्या मातीत थापेचा मान तसाच ठेवला. त्या दिवसानंतर म्हादूच्या घरची भट्टी कधी विझली नाही.

शिकलेला हात कामी येतोच. पण वाट तालमीचे नियम पाळत नाही, हे ज्याला कळलं तोच सुखरूप घरी पोचतो.