दोनदा जेवलेला गट

“एकही फेल नाही?” दाजीबुवांनी विचारलं.

“एकही नाही, बुवा.”

“या म्हाताऱ्याची टेस्टसुद्धा पास?”

“कुणाचीही असू दे. सगळं हिरवं आहे.”

इंद्रनीलनं लॅपटॉप वळवून दाखवला. खरंच हिरवं होतं. आमच्या टेकडीवर श्रावणातसुद्धा एवढं हिरवं नसतं.

म्हातारा म्हणजे मी. पोरांना गूळ लावून मी एक टेस्ट लिहून घेतली होती. तिच्यात दोन आणि दोन पाच होत होते. शाळेनं मला चौथीत सोडलं, पण एवढं तर मलाही कळतं.

ती पण पास.

बुवा माझ्याकडे बघून मिशीत हसले. मी आढ्याकडे बघितलं.

दाजीबुवांचा मठ तसा मठच, पण इथं टाळ कुटत नाहीत, कीबोर्ड कुटतात. बुवांनी तरुणपणी एक टूल लिहिलं, त्याचं नाव मोळी. पोरं प्रोग्राम तुकड्यातुकड्यानं लिहितात, एकेक तुकडा एकेका फाइलीत. तो तुकडा नीट चालतो का ते बघणारी टेस्ट, तीही एक फाइलच. मोळी त्या फाइली गोळा करते, टेस्ट चालवून तपासते, बांधते आणि गिऱ्हाइकाकडे धाडायला तयार ठेवते. यात कटकट एकच. प्रत्येक कामाला, तपासणी असो की बांधणी, कुठल्या फाइली घ्यायच्या, ते नव्यानं सांगत बसायचं.

इंद्रनीलनं ती कटकट मोडली. फाइलींचा एक गट करायचा, त्याला एकदाच नाव द्यायचं, आणि मग कुठल्याही कामाला नुसतं नाव सांगायचं. गटाचं नाव त्यानं ठेवलं ‘सगळं’.

पोरगा हुशार आहे. आपण हुशार आहोत हे त्याला जरा लवकर कळलं, एवढंच.

आणि आज निकाल होता. बुवांनी सांगून ठेवलं होतं, “ज्याचं काम पटेल त्याच्या हाती मोळी, मी आता वांगी लावणार.” इंद्रनीलनं पेढेसुद्धा आणून ठेवले होते. त्यातला एक कमी का होता, ते मला विचारू नका.

“तुझ्या ‘सगळं’मध्ये काय काय येतं?” बुवा म्हणाले.

“सगळ्या फाइली. फक्त टेस्टच्या वगळून. त्या गिऱ्हाइकाला कशाला पाठवायच्या?”

“बरोबर. आणि हाच गट तपासायलाही?”

“हाच. एक नाव, सगळीकडे. तीच तर गंमत आहे, बुवा.”

“गंमत आहे खरी...”

बुवा उठले. आज तिथीचं जेवण होतं. मसालेभात, मठ्ठा आणि गोदाक्काच्या हातची जिलबी. बुवांनी पाण्याचा जग उचलला.

“इंद्रनील, आज पंगती तू बसव. तुझ्याच रीतीनं. एक गट कर, एक नाव दे.”

इंद्रनील खूश. अंगणात उभा राहून म्हणाला, “गटाचं नाव ‘मठ’. मठातले सगळे, वाढपी वगळून.”

यात चूक काहीच नाही. वाढणारे मागून बसतात, ही आमच्याकडची रीत. गोदाक्का आणि तिच्या दोघी सुना वाढायला उभ्या राहिल्या. बाकी आम्ही बसलो. इंद्रनील स्वतः माझ्या शेजारी. जेवलो. मी ढेकर दिला तो खालच्या गावात ऐकू गेला असेल.

“झाली पहिली?” बुवा म्हणाले. “आता दुसरी बोलव. नाव तेच.”

“तेच?”

“एक नाव, सगळीकडे.”

इंद्रनील जरा अडखळला. पण आपलाच शब्द. म्हणाला, “मठ, बसा.”

आता मठ म्हणजे आम्हीच की. पोरं एकमेकांकडे बघायला लागली. मी तर बसलोच. बोलावल्यावर नाही कसं म्हणायचं?

“नाना, आत्ताच ढेकर दिलात ना?” गोदाक्का मला म्हणाली.

“तो पहिल्या पंगतीचा, अक्का.”

“पोट आहे का पिंप?”

“तुम्ही वाढा, मग कळेल.”

हळूहळू सगळे बसले. नुसती खीखी चाललेली. गोदाक्कानं रागानं माझ्या पानात चार जिलब्या आपटल्या. असा राग मला रोज चालेल.

बुवा जग घेऊन पंगतीतून फिरले. प्रत्येकाला विचारलं, “पोट भरलंय?”

“भरलंय, बुवा.”

“तुझं?”

“फुटायला आलंय.”

“नाना, तुमचं?”

“दोनदा भरलंय.”

शेवटी ते इंद्रनीलपाशी आले.

“सगळ्यांना विचारलं. एकही भुकेला नाही. म्हणजे मठात कुणी उपाशी नाही. हो ना?”

“नाही बु...”

त्याची नजर वर गेली. गोदाक्का झारा घेऊन उभी होती. मागं दोघी सुना भिंतीला टेकलेल्या.

इंद्रनीलचा हात जिलबीवर तसाच राहिला.

बुवांनी त्याच्या भांड्यात पाणी ओतलं. मी दुसरी जिलबी उचलली. पहिली तोंडात होतीच.

मग पोरगा जो उठला, खरकट्या हातानं आत पळाला. कीबोर्डला पाक लागला असणार. आतून खटखट ऐकू आली. मग असं हसणं ऐकू आलं, की भिंतीवरचं मांजर खाली उतरलं.

तो दारात आला.

“बुवा, टेस्टच वगळल्या होत्या, एकही चाललीच नव्हती. आता वगळायचं ते गटातून काढलं. बांधणीच्या कामात टाकलं. ज्याचं त्यानं वगळावं.”

“बरं. मग?”

“लाल आहे. वरपासून खालपर्यंत लाल. नानांची तर सगळ्यात आधी फेल.”

मला भरून आलं. आयुष्यात इतक्या मानानं मी कधी नापास झालो नव्हतो.

“एकूण किती फेल?”

“अजून मोजतोय,” इंद्रनील म्हणाला. त्याला हसू आवरत नव्हतं. मग त्यानं कोपऱ्यातला पेढ्यांचा डबा पायानंच खाटेखाली सरकवला. “मोळी राहू दे, बुवा. तुमच्याकडेच बरी आहे.”

त्यानं गोदाक्काच्या हातातून झारा घेतला. “अक्का, तुम्ही बसा. वहिनी, तुम्हीही.”

पानं मांडली. तीन.

बुवांनी जग खाली ठेवला आणि चौथं पान स्वतः मांडलं.

इंद्रनील बघतच राहिला. “बुवा... तुम्ही जेवला नव्हता?”

“माझ्या हातात जग होता ना.”

“मग बोलायचं नाही का?”

बुवांनी मांडी घातली, पान सरळ केलं.

“खाटेखालचा डबा काढ. आणि आधी पेढा वाढ.”