ड्रूसिला मावशीचं मैदान

फार वर्षांपूर्वी अमेरिकेच्या दक्षिणेत, एका रुंद नदीच्या काठी ड्रूसिला नावाची काळी बाई राहायची. लोकांचे कपडे धुऊन पोट भरायची. सारं गाव बेसबॉलचं वेडं, पण मैदान एकच आणि तेही गोऱ्यांचं. त्यांचा संघ बाहेरगावी गेला, तरच ते काळ्यांच्या संघाला भाड्यानं मिळायचं.

एका रविवारी परगावचा संघ आला, लोक नटूनथटून जमले, आणि बघतात तर, भाडं भरूनही फाटकाला कुलूप! काळ्यांचा कप्तान लेम्युएल टोपी हातात धरून उभाच राहिला. त्याचं उतरलेलं तोंड ड्रूसिलाला बघवेना.

"टोपी डोक्यावर घाल," ती म्हणाली. "माझी नदीकाठची दलदल घ्या खेळायला."

"मावशी, तिथं बेडूकसुद्धा रुततो!"

"मग भरून काढू."

पहिली टोपली तिनंच टाकली. मग सारी वस्ती कामावरून सुटली की माती वाहू लागली. ड्रूसिलानं एवढी माती वाहिली की तिच्या घरामागची टेकडीच सपाट झाली, असं म्हणतात. दोन वर्षांत मैदान झालं, बसायला लाकडी पायऱ्या झाल्या. तोवर तिची नजर गेली होती. पण बॅटचा आवाज ऐकून चेंडू कुठं पडणार ते ती सांगायची, आणि कधी चुकली नाही, असं म्हणतात.

एका वर्षी हंगामाच्या पहिल्या सामन्याच्या आदल्या दिवशी कुणीतरी त्या पायऱ्या पेटवल्या. कुणी, ते सगळ्यांना ठाऊक होतं, पण नाव घ्यायची सोय नव्हती.

"सामना रद्द करतो, मावशी," लेम्युएल म्हणाला. "लोक बसणार कुठं?"

ड्रूसिला उठली, चाचपडत स्वयंपाकघरातली खुर्ची डोक्यावर घेतली आणि मैदानाची वाट धरली. ते बघून दुसऱ्या दिवशी घराघरांतून खुर्च्या निघाल्या. न्हाव्यानं तर दुकानातली जड खुर्ची चौघांकडून उचलून आणली. काळ्या पडलेल्या राखेभोवती सगळे बसले, आणि खेळ झाला.

शेवटच्या डावात लेम्युएलनं असा फटका मारला की ड्रूसिलानं मान वर केली, पण बोलली काहीच नाही.

"मावशी, कुठं पडला?" लोकांनी विचारलं.

"अजून पडलाच नाही," ती म्हणाली आणि खुदकन हसली. तो चेंडू पुन्हा कुणाला दिसला नाही, असं म्हणतात.

आता तिथं पक्क्या विटांच्या पायऱ्या आहेत. तरी हंगामाच्या पहिल्या रविवारी त्यांवर कुणी बसत नाही. डोक्यावर आपापली खुर्ची घेऊन माणसं नदीकाठच्या रस्त्यानं येतात. सगळे बसले की पंच एकदा आभाळाकडं बघतो. मगच पहिला चेंडू पडतो.